पिस्ता, पुदिना आणि तर्री

रविवार

कूलरमध्ये पाणी भरलं, आई आडवी झाली आणि मी फिक्या हिरव्या नेलपॉलिशच्या बाटल्यांचा कप्पा काढून बसले. लाल, मरून वगैरे माझ्याकडेही चारचौघींसारखेच आहेत. जीव आहे तो या कप्प्यात. वहिनी डोकावून गेली. "काऊन वो ताई, हा तं मागच्या वेळीच आणला होता नं?" तिला दोष देत नाही. बाटलीत बघितले तर सगळे बहिणी-बहिणीच दिसतात.

म्हणून मी बाटलीवर कधीच विश्वास ठेवत नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या नखकाड्यांवर प्रत्येक रंगाचे दोन हात देते, मागे पेनाने नाव लिहिते आणि मग काड्या एकमेकींना चिकटवून बघते. आज तसं केल्यावर सरळ तीन घराणी झाली. एक निळ्याकडे झुकणारं. एस्सी या ब्रँडचं 'मिंट कँडी ॲपल' यातलं, त्याला हिरवं म्हणावं की आकाशी, यावर भांडण होऊ शकतं. दुसरं पिवळ्याकडे झुकणारं, अस्सल पिस्ता. तिसरं राखाडी, धुरकट. २००९ मध्ये शनेलने 'जेड' आणलं तेव्हापासून हे फिके हिरवे जगभर गाजले. ती बाटली माझ्याकडे नाही आणि आता त्या भावात घेणारही नाही.

लोकांना वाटतं, फिका रंग म्हणजे कमी रंग. उलट आहे. यात पांढरी भुकटी, टायटॅनियम डायऑक्साइड, भरपूर असते आणि हिरवा नावापुरता. ती भुकटी जड, म्हणून बाटली ठेवून दिली की तळाशी बसते आणि वर पातळ पाणी दिसतं. हलवताना आतल्या गोळ्या खुळखुळल्या नाहीत तर समजावं की खाली गाळ घट्ट झालाय. पहिला हात तर हमखास पट्ट्यापट्ट्यांचा येतो. ब्रश दाबला की मधे नख उघडं पडतं आणि कडेला रंग साचतो. तिथे घाई करून दुसरा हात दिला तर खालचाही उचलून येतो. थांबायचं, मग ब्रशवर जरा जास्त रंग घेऊन न दाबता नुसता सरकवायचा. नागपूरच्या मे महिन्यात बाटली उघडी राहिली की रंगाची तार निघायला लागते. तेव्हा थिनरचे दोन थेंब घालावेत. रिमूव्हर ओतणाऱ्या बायकांशी मी या विषयावर बोलत नाही.

उजेडाचा मुद्दा इतवारीतल्या मॅचिंग सेंटरवाल्यांना माझ्या आधीपासून कळतो. ब्लाउजपीस दाखवताना ते कापड घेऊन दुकानाच्या दारात जातात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, कारण त्यांत मिसळलेली द्रव्यं वेगळी असतात. माझ्या दोन पिस्त्यांचं तसंच झालं. खोलीत जुळ्या आणि गॅलरीत गेल्यावर एकीत निळसर झाक. दोन्ही ठेवणार.

शेवटी प्रश्न हाताचा असतो. माझ्या गव्हाळ बोटांवर निळा पुदिना घातला की हात दोन छटा काळे दिसतात. मला ते आवडतं, आईला नाही. पिस्ता बरा दिसतो. सगळ्यांत देखणा दिसतो तो राखाडी, जो बाटलीत बघून कुणी उचलणार नाही. डाव्या हाताला निळा आणि उजव्याला पिस्ता लावून बसले होते, तेवढ्यात दादा सावजीचं मटण घेऊन आला.

सोमवार

रात्री घाईत डावखुऱ्या वहिनीच्या शेजारी बसले आणि चेष्टेत मीही दोन्ही हातांनी भाकरी मोडली. सकाळी बघते तर डावा हातसुद्धा पिस्ता! तर्रीतली हळद तेलातून रंगात मुरली. साबणाने घासलं, लिंबू लावलं, काही हललं नाही. एवढा जीव तोडून केलेला फरक एका जेवणात सपाट. उजव्यावर मात्र फारसं कळत नव्हतं, पिवळ्यात पिवळं गेलं. म्हणजे आपल्याकडे हाताने जेवणाऱ्या बाईने पिस्ताच घ्यावा, असा सल्ला आता मी छातीठोकपणे देऊ शकते. निळा घालायचाच असेल तर त्या दिवशी दहीभात.

हळदीचा रंग उन्हात उडतो, हे डागाळलेले कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पण ऑफिसला जाताना स्कूटीवर मी कोपरापर्यंतचे हातमोजे घालते, त्यामुळे नखांना ऊन मिळण्याची सोय नाही. मग निळ्याच्या एका काडीला उरलेला रस्सा फासून, पुसून ती सकाळीच गच्चीत आईच्या पापडांच्या कडेला ठेवून गेले. संध्याकाळी आले तर डाग जवळजवळ गेलेला, फक्त कडेला पुसट पिवळी रेघ. नखांवरचा मात्र जशाचा तसा.

आईने पापड डब्यात भरता भरता ती काडी माझ्या हातात दिली. म्हणाली, "उद्यापासून तुझं सामान दुसऱ्या चादरीवर."