अकाकाच्या वाटेवरचा डबा

संभाजीनगरहून आलेल्या सहा जणांना घेऊन त्या दिवशी अकाका धबधब्याला निघालो होतो. हवाईच्या बिग आयलंडवर, हिलोच्या उत्तरेला होनोमू गाव आहे. तिथून जेमतेम सहा किलोमीटर चढलं की हे सरकारी उद्यान लागतं. गाईड म्हणून मी पाहुण्यांना जिओकॅशिंग, म्हणजे अक्षांश-रेखांशावरून लपवलेला डबा शोधायचा खेळ, आवर्जून शिकवतो. हातात अक्षांश-रेखांश असले की माणूस धबधब्याकडे धावत सुटत नाही, रान बघत जातो.

पार्किंगमध्येच एक काका म्हणाले, "अहो, हा फोन तर समुद्र दाखवतोय!" आकडे बरोबर होते, अक्षर चुकलं होतं. आपल्याकडे रेखांशापुढे कायम 'ई' असतो. सवयीने तोच राहिला, इथे 'डब्ल्यू' हवा. १५५ अंश पश्चिमचे पूर्व झाले की ठिकाण पाच हजार किलोमीटरहून लांब, पॅसिफिकच्या पाण्यात जाऊन पडतं. दुसरी नेहमीची चूक मिनिटांची. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहितात. १९ अंश ५१.२३४ मिनिटं म्हणजे १९.८५३९ अंश. ते १९.५१२३४ असं भरलं की बाण ३८ किलोमीटर दक्षिणेकडे ओढतो. अक्षांश जवळपास संभाजीनगरचाच आहे, हे कळल्यावर काकांनी तो दोनदा मोठ्याने वाचला.

उद्यानातली वाट साडेसहाशे मीटरची, फरसबंद, पण पायऱ्या बऱ्याच. बांबू, टॉर्च जिंजर, हेलिकोनिया यांची गच्च झाडी. यातलं बरंचसं बाहेरून आणून लावलेलं आहे, मूळचं नाही. ओल्या पानांखाली आणि दरीच्या कडेला उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो, म्हणून बाण कधी दहा, कधी वीस मीटर सरकतो. अशा वेळी बाणामागे फिरू नये. तीन-चार मिनिटं एका जागी उभं राहून सरासरी घ्यावी, मग दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा घ्यावी. दोन्ही जिथे जुळतील तिथे यंत्र खिशात टाकावं आणि डोळ्यांनी शोधावं.

परवानगीशिवाय उद्यानात डबा ठेवायचा नाही, हा या खेळातला कडक नियम. म्हणून आत आम्ही अर्थकॅशच्या, म्हणजे डब्याऐवजी तिथल्या भूरचनेवर प्रश्न असणाऱ्या प्रकाराच्या, धर्तीवर फक्त प्रश्न सोडवतो: कडा कशाचा, धार मागे का सरकते. समोर ४४२ फुटांची, म्हणजे १३५ मीटरची धार आणि मागे बेसॉल्टचा काळा कातळ. सह्याद्री पाहिलेल्यांना तो लगेच ओळखू येतो. याच कड्यावरून ओओपू आलामोओ नावाचा इवलासा मासा पोटाखालच्या चूषकाने चिकटत वर चढतो, हे सांगितलं तेव्हा मंडळी बराच वेळ कठड्याला खिळून होती.

खरा डबा उद्यानाबाहेर, जागामालकाच्या परवानगीने, एका कुंपणाच्या दगडाआड ठेवलेला. तो माझाच. झाकण उघडलं तर वही भिजलेली. आतल्या प्लॅस्टिक पिशवीचा कोपरा झाकणाच्या रबरात अडकला होता. तेवढ्या फटीतून पाणी वातीसारखं आत चढतं, मग डबा कितीही भारी असो. झाकण लावताना चारही बाजूंनी बोट फिरवावं. वहीत पेनने नाही, पेन्सिलीने लिहावं.

मग झाकणाच्या कडेला नारिंगी-तपकिरी ठिपके सरकताना दिसले. दीड मिलिमीटरच्या, संथ चालणाऱ्या मुंग्या. लिटल फायर अँट. मी सगळ्यांना मागे घेतलं. या मुंग्या झाडाला घट्ट धरून राहत नाहीत, फांदी हलली की मानेवर सांडतात, आणि चावल्यावर दिवसेंदिवस खाज जात नाही. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांवर त्यांच्यामुळे पांढरे डाग पडतात.

डब्यात एक ट्रॅव्हल बग होता, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात फिरणारं नंबरचं पदक. बरोबरची मुलगी तो पुढे माउईला नेणार होती. पण अशाच चिमुकल्या वस्तूतून मुंग्या एका बेटावरून दुसऱ्यावर जातात. मी तिला नाही म्हटलं, कारण सांगितलं, आणि तिने तो स्वतःहून परत ठेवला. मला फार बरं वाटलं.

डबा दोन झिप पिशव्यांत बंद करून नेला, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवला. त्याच संध्याकाळी डब्याची लिस्टिंग, म्हणजे खेळाच्या साइटवरची नोंद, तात्पुरती बंद केली, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिथे हात घातला असता. मग रस्त्याच्या वरच्या अंगाला नवी जागा पाहिली, मालकाला विचारलं. तिथे मुंग्या आहेत का बघायला सावलीच्या, ओलसर कोपऱ्यांत चार चॉपस्टिक ठेवल्या, टोकाला शेंगदाण्याच्या लोण्याचा अगदी पातळ थर. पाऊण-एक तास थांबायचं, घाई केली तर मुंगी असूनही दिसत नाही. तासाभराने चारही काड्या उचलल्या. तीन कोऱ्या होत्या, चौथीवर दोन नारिंगी ठिपके. ती जागा सोडून दिली.