वॉटर्लूची को-ऑप म्हणजे काय असतं
कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला को-ऑप, म्हणजे शिकता शिकता मधेमधे नोकरी, सगळ्यांनाच कम्पल्सरी, 1957 पासून चालू आहे हे, साधारण चार महिने कॉलेज मग चार महिने नोकरी असं करत करत डिग्रीला जवळपास पाच वर्षं जातात. पगार मिळतो बरं का, आपल्याकडे बऱ्याच इंटर्नशिपा बिनपगारी असतात तसं नाही. माझी पहिली टर्म गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत, काम काय तर जुनी ड्रॉइंग्ज तपासून एक्सेलमध्ये भरायची, कंटाळा यायचा खरा, पण शॉप फ्लोअरवरचा म्हातारा मशिनिस्ट टॉलरन्स (पार्टच्या मापात किती फरक चालतो ते) असा समजवायचा की लेक्चरला तसं कधीच डोक्यात शिरलं नव्हतं. खरा ताप म्हणजे मिडटर्म आणि पुढच्या नोकरीचे इंटरव्ह्यू एकाच आठवड्यात येतात, आणि दर टर्मला नवीन घर शोधायचं ते तर विचारूच नका!