उशी

आमच्या बोर्डिंगच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या कमिटीकडून मनोगतासाठी फोन आला तेव्हा मी डायलिसिसच्या बेडवर होतो. डाव्या हातात दोन सुया, त्यामुळे उजव्या हाताने फोन उचलला आणि हो म्हणून टाकलं. हे पण तिथेच पडल्या पडल्या मोबाईलवर एका हाताने टाइप करतोय, सोम-बुध-शुक्र, चार-चार तास, तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मी 1992 ची दहावीची बॅच. गाव पाथर्डी तालुक्यातलं. आई-दादा दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे म्हणून पाचवीपासून मी बोर्डिंगला. नगरला ख्रिस्ती मिशनची माणसं 1831 साली आली, आणि शाळा-बोर्डिंगं निघाली नसती तर माझ्यासारखी कितीतरी पोरं कोयता घेऊन फडातच राहिली असती, हे मी आजही सगळ्यांना सांगतो.

बोर्डिंगात रात्री जेवण झालं की पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं आणि मग बायबलमधलं 23 वं स्तोत्र पाठ म्हणायचं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. त्यात पुढे येतं ना, तो मला संथ पाण्याजवळ नेतो, तिथे मी अडायचो. कारण आमच्या गावाला पाणी म्हणजे टँकर, टँकर म्हणजे हंड्यांचा खणखणाट, पाईपसाठी ओढाओढी आणि बायांची भांडणं, संथ पाणी कोणी बघितलंय? एकदा बाईंना विचारलंच. बाई हसल्या नाहीत. पुढे सहल मुळा धरणावर गेली तेव्हा मला हाताला धरून काठाशी नेलं आणि म्हणाल्या, "बघ, असं."

त्याच बाई बायबलच्या तासाला मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, चौथा अध्याय शिकवत होत्या. वादळ सुटलंय, तारवात म्हणजे होडीत पाणी शिरतंय, शिष्य घाबरून ओरडतायत आणि येशू मागच्या बाजूला झोपलाय. बाईंनी विचारलं, "डोक्याखाली काय होतं?" कोणालाच आलं नाही. "उशी," त्या म्हणाल्या, "ही उशी फक्त मार्कने लिहून ठेवलीय, नीट लक्षात ठेवा." मी वहीत लिहिलं आणि विसरून गेलो.

पुढे मी साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क लागलो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती. किलोचा हिशोब चुकू द्यायचा नाही हा माझा स्वभावच होऊन गेला, घरातही सगळं माझ्या हातात. आणि 2019 ला दोन्ही किडन्या गेल्या. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं, मी कधी मनावर घेतलं नाही. आता डायलिसिसच्या आधी माझं वजन करतात आणि नंतर परत करतात, मधला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी. पाणी दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा, आमटी, गोळ्या. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटते तेव्हा चूळ भरून थुंकायची. बेडवर पडून कळलं की एका वेळेला मशीनला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. 120 लिटर! आमच्या घरी ते चार दिवस पुरवलं असतं. पहिलं वर्ष मी फार चिडलेला होतो, देवावर पण. वहीत रक्ताच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, शिवाय वजन, सगळं लिहायचो, जसं काही लिहिलं की ताब्यात येईल. रात्र रात्र झोप नाही. आईची किडनी शुगरमुळे चालली नाही, बायकोचा रक्तगट जुळला नाही, मग मेलेल्या माणसाची दान केलेली किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या यादीत नाव लावलं आणि फोन कधीही येईल म्हणून तेव्हापासून मोबाईल हातात धरूनच आडवा व्हायचो.

हाताला फिस्टुला केलेला असतो, म्हणजे धमनी आणि शीर जोडलेली. ती चालू आहे का हे रोज बोट लावून बघायचं असतं, आत बारीक थरथर लागते. एका रात्री अशीच बोटं लावून पडलो होतो आणि कशी कोण जाणे, बाईंची उशी आठवली. लहानपणापासून मला त्या गोष्टीतलं, पुढे येशूने वादळ थांबवलं, तेवढंच लक्षात राहिलं होतं. पण वादळ थांबायच्या आधी तो त्याच तारवात होता की, त्याच पाण्यात, आणि झोपला होता. मी म्हणालो, प्रभू, मला हे आवरत नाही, तू आहेस ना इथे, मी झोपतो. मोबाईल बायकोच्या उशाशी ठेवला आणि खरंच झोपलो. तेव्हापासून सकाळी बोट लावतो, थरथर लागली की तीच माझी पहिली प्रार्थना, आजचा दिवस दिलास.

काही जण म्हणतात, एवढा विश्वास आहे तर डायलिसिस कशाला करतोस, नुसती प्रार्थना कर. मला हे अजिबात पटत नाही. न दुखवता सुई टोचणारा तो टेक्निशियन पोरगा पण देवानेच दिलाय मला. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, असं प्रभूने सांगितलंय, त्या दिवसाचं औषध टाळ असं नाही सांगितलं.

मागच्या वर्षी रात्री दीड वाजता फोन आला, लगेच पुण्याला या. गेलो. आम्हाला चौघांना बोलावलं होतं. रक्त दिलं, बसून राहिलो, आणि दुपारी कळलं की माझी क्रॉसमॅच, म्हणजे माझं रक्त त्या किडनीला चालतं का ही तपासणी, जुळली नाही, किडनी दुसऱ्याला मिळाली. बायको रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिकडे एका घरातलं माणूस गेलं होतं आणि त्या घराने तशातही हो म्हटलं होतं, त्यांच्यासाठी आणि ज्याला किडनी मिळाली त्याच्यासाठी आम्ही दोघांनी तिथेच बाकावर प्रार्थना केली. परतीच्या एसटीत शिरूर आलं ते मला कळलंच नाही. सुप्याला बायकोने हलवून उठवलं, तिच्या खांद्यावर डोकं होतं, तिने आपली शाल घडी करून मध्ये ठेवली होती.

मेळावा शनिवारी आहे ना? शुक्रवारी माझं डायलिसिस असतं, शनिवारी अंगात जरा ताकद असते, मी नक्की येतो. बाईंना कोणी घेऊन येणार असेल तर त्यांच्या शेजारची एक खुर्ची माझ्यासाठी ठेवा, ती शाल मला त्यांना दाखवायचीय.