शब्द असलेले रडणे

इंग्रजी वाचताना 'कीनिंग' हा शब्द आला की 'हंबरडा फोडणे' असा अर्थ लावून मी पुढे जात असे. तो अर्थ चुकीचा आहे, असे आता मला ठामपणे वाटते. कारण हंबरड्याला शब्द नसतात आणि कीनिंगचा सारा प्राण शब्दांतच असतो.

'तीक्ष्ण' किंवा 'उत्सुक' या अर्थाचा 'कीन' आपल्या परिचयाचा आहे. तो जुन्या इंग्रजीतला असून तेथे त्याचा अर्थ 'शूर' असा होता. शोकवाचक 'कीन' मात्र 'रडणे, शोक करणे' या अर्थाच्या आयरिश क्रियापदावरून आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत रुळू लागला. दोघांचे स्पेलिंग जुळले, इतकेच.

आयर्लंडमध्ये मृतदेहापाशी बसून स्त्रिया हा शोक गात असत आणि त्यांतील काही जणी त्यासाठी मोबदलाही घेत. मृताला नावाने हाक मारायची, त्याच्या कुळाची व गुणांची थोरवी गायची, सोडून गेल्याबद्दल त्यालाच बोल लावायचा आणि मग जमलेल्या सर्वांनी मिळून आक्रोश करायचा, अशी त्याची साधारण घडण असे. सतराव्या शतकापासून चर्चने या प्रथेला वारंवार मनाई केली.

१७७३ साली कॉर्क परगण्यात आर्ट ओ'लिअरी मारला गेला, तेव्हा त्याच्या पत्नीने, आयलीनने, रचलेला शोक पुढे तोंडोतोंडी टिकला. स्वारावाचून परतलेली, लगाम जमिनीवर लोळत असलेली घोडी पाहताच ती तीन उड्या घेते: पहिली उंबरठ्यापर्यंत, दुसरी फाटकापर्यंत, तिसरी थेट घोडीच्या पाठीवर. पुढे काटेरी झुडपाजवळ तिला पती सापडतो आणि त्याच्यावर पांघरूण म्हणून एका म्हातारीने आपल्या झग्याचे टोक पसरलेले असते. इतक्या दुःखातही तिची नजर त्या टोकावर जाते, हे मला फार मोठे वाटते.

आजच्या इंग्रजीत वाराही 'कीन' करतो आणि कुत्राही. त्या वापरात फक्त लांबलेला, चढा सूर उरला आहे. तेथे मराठीत 'विव्हळणे' चालेल. मृतदेहापाशी बसलेल्या स्त्रीसाठी मात्र मी 'विलाप' हाच शब्द घेईन, कारण त्यातल्या 'लप्' या धातूचा अर्थच 'बोलणे' असा आहे.