डिकीवर बांधायचा सायकल रॅक आणि त्याचे ते सहा पट्टे

गाडीच्या मागे डिकीला पट्ट्यांनी बांधायचा सायकल रॅक मिळतो ना, त्याबद्दल इतके जण विचारतात की एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे दर वेळी फोनवर तेच तेच सांगायला नको. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, सायकल वाटेत पडणार नाही ना? नीट बांधली तर नाही पडत हो. खरा त्रास होतो तो गाडीच्या रंगाला, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही, पण ते पुढे सांगते, आधी पट्टे.

बहुतेक रॅकना सहा पट्टे असतात, दोन वर, दोन बाजूंना, दोन खाली (काही रॅकना चारच असतात, बाजूचे नसतात). सहाही दिसायला सारखेच, म्हणून लोकांना वाटतं सगळे एकच काम करतात, पण तसं नाहीये. वरचे दोन वजन घेतात, कारण सायकली डिकीपासून चांगल्या लांब लटकत असतात त्यामुळे रॅक सतत मागे आणि खाली झुकायला बघतो आणि तो सगळा भार या दोघांवर येतो. खालचे दोन रॅकला उडू देत नाहीत, म्हणजे गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की सायकलींसकट अख्खा सांगाडा वर उचलला जायला बघतो, तेव्हा हे त्याला खाली धरून ठेवतात. आणि बाजूचे दोन वळणावर रॅकला डावीउजवीकडे सरकू देत नाहीत. आता होतं काय, वरचे दोन लोक जीव खाऊन ताणतात आणि बाकीचे चार "दिलेत तर लावू" अशा हिशोबाने कसेतरी अडकवतात. मग रॅक पडत नाही पण नाचतो, आणि नाचला की पट्टे अजून ढिले होतात आणि मग अजून नाचतो.

पट्टा ज्यातून ओवून ताणायचा त्या बकलबद्दल एक सांगायचंय, ते फार कमी जण नीट बघतात. बकलच्या पोटात दाते असतात, अंगठ्याने वरची पट्टी दाबली की दाते उचलले जातात आणि पट्टा सहज सरकतो, अंगठा काढला की दाते पट्ट्यात रुततात. पट्टा उलट्या बाजूने ओवला तरी तो ताणला जातो, हाताला घट्टही लागतो, पण दाते चुकीच्या दिशेने लागतात त्यामुळे गाडी हलायला लागली की सुतासुताने सरकत राहतो. म्हणून ओवून झाल्यावर बकल न दाबता पट्टा उलट दिशेने जोरात ओढून बघायचा, सरकला तर काढून परत ओवायचा. आणि एक पट्टा ताणला की पॅड (रॅक गाडीला टेकतो तिथल्या मऊ गाद्या) अजून दाबून बसतात आणि आधी ताणलेला दुसरा पट्टा ढिला पडतो, त्यामुळे एकदा फिरून होत नाही, सगळ्या पट्ट्यांवरून परत एक चक्कर मारायचीच. सायकली चढवल्या की पुन्हा, आणि निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गाडी बाजूला घेऊन पुन्हा. पाऊस लागला तर मध्येच अजून एकदा, कारण नायलॉन भिजलं की थोडं ताणतं.

घट्ट बसलाय की नाही हे कळायची एकच चाचणी मला पटते, रॅक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचा. एकदा आमचे दाजी शेजारी उभे होते, म्हणाले, "अगं बास की, आता अख्खी गाडी हलायला लागली!" म्हटलं, "दाजी, तेच तर पाहिजे." गाडी रॅकबरोबर डुलली म्हणजे झालं. रॅक एकटा हलला आणि गाडी शांत उभी राहिली तर परत पट्टे.

पट्ट्यांच्या टोकाचे हुक कुठे अडकवायचे हा विषय मात्र गाडीगणिक वेगळा. हुक डिकीच्या दाराच्या पत्र्याच्या कडेला बसला पाहिजे, काचेच्या कडेला नाही आणि प्लॅस्टिकच्या स्पॉयलरला (डिकीच्या वरच्या कडेला बाहेर आलेली पट्टी) तर अजिबात नाही. काही हॅचबॅकच्या दारात वरच्या बाजूला पत्रा नसतोच, काच थेट कडेपर्यंत येते, तिथे साधे हुक चालत नाहीत. अशा गाड्यांसाठी काही कंपन्या वेगळा पट्टा देतात, त्याच्या टोकाला जाड गोळा नाहीतर नळी असते, ती डिकीच्या आत टाकायची आणि दार लावून घ्यायचं. थुले, याकिमा, सारिस या रॅक कंपन्यांच्या याद्या असतात, कुठल्या मॉडेलला कुठला रॅक बसतो त्याच्या, आणि त्यात गाडीचं वर्षसुद्धा बघायचं, कारण नाव तेच राहतं आणि नवीन वर्षात स्पॉयलर किंवा काचेचा आकार बदललेला असतो. रॅक विकत घ्यायच्या आधी बघा हो हे, नंतर नाही.

बटणाने किंवा बंपरखाली पाय नेला की आपोआप उघडणारी डिकी असेल तर ती ऑटो सोय आधी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. किल्ली खिशात असते, तुम्ही पट्टा ताणताना पाय बंपरखाली जातो आणि गाडीला वाटतं मालक डिकी उघडायला सांगतोय! मोटर बिचारी सायकलींसकट दार उचलायला जाते. आणि तसंही सायकली चढवल्यावर डिकी उघडता येत नाही, त्यामुळे पाणी, जॅकेट, पंप, जे काही वाटेत लागणार असेल ते पुढे सीटवर घ्यायचं.

आता रंग. रॅकचे पॅड मऊ असतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ओरखडे पॅडने येतच नाहीत, पॅड आणि पत्र्याच्या मध्ये अडकलेल्या धुळीने येतात. गाडी चालते तेव्हा पॅड केसभर का होईना घासत असतो आणि मध्ये बारीक कच असली की तो सॅंडपेपरच झाला. त्यामुळे रॅक लावायच्या आधी डिकीचा तो भाग आणि पॅड दोन्ही ओल्या फडक्याने पुसायचे, पॅड तर आवर्जून, कारण रॅक कोपऱ्यात पडून असतो तेव्हा धूळ सगळी त्यावरच बसते. पॅडखाली फडकं घालायचा सल्ला देणारे भेटतात, मला तो पटत नाही, फडकं धूळ धरून ठेवतं आणि वर सरकतं. पारदर्शक फिल्म लावून घेतलेली बरी. आणि काम झालं की रॅक काढून ठेवा, परत लावायचा कंटाळा म्हणून महिनोन्महिने गाडीवर ठेवू नका, उन्हाने पट्टेही खराब होतात.

सायकली चढवताना जड सायकल आधी, म्हणजे गाडीच्या जवळ, हलकी बाहेर. एकीचं हँडल डावीकडे तर दुसरीचं उजवीकडे, नाहीतर हँडलं एकमेकांत अडकतात. आतल्या सायकलची चेनची बाजू गाडीकडे करायची नाही, आणि पेडल असं फिरवून ठेवायचं की ते काचेला किंवा पत्र्याला टेकणार नाही, हवं तर क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) सायकलच्या दांडीला बांधून टाका. पुढचं चाकसुद्धा बांधा. ते बांधलं नाही तर वाऱ्याने आपलं आपण फिरत राहतं, मागच्या सीटवरच्या पोरांना फार मजा वाटते, पण फिरता फिरता हँडल वळतं आणि त्याचं टोक येऊन काचेवर टकटक करायला लागतं.

लेडीज सायकलला वरची आडवी दांडी नसते, लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींचं पण तेच, त्यासाठी वेगळी जोडदांडी मिळते जी सीटखालच्या पाइपपासून हँडलच्या दांड्यापर्यंत लावायची. तिरकं काहीतरी करून टांगण्यापेक्षा ती घ्या. कार्बन फ्रेम असेल तर दांडीवर पट्टा आवळायच्या आधी सायकलच्या कंपनीचं म्हणणं वाचा. इलेक्ट्रिक सायकलचं मात्र नाव काढू नका, या रॅकची क्षमता साधारण एका सायकलला १५-१६ किलो असते आणि इलेक्ट्रिक सायकल सहज २०-२५ किलोची, बॅटरी काढली तरी तीन-चार किलोच कमी होणार.

सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे तेही वाकून बघा, चाक त्याच्या तोंडासमोर आलं तर टायर गरम होऊन वाया जातो. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात असतील तर बऱ्याच देशांत दंड होतो. जर्मनीत झाकलेला नंबर रॅकवर परत लावावा लागतो, इटली आणि स्पेनमध्ये मागे बाहेर आलेल्या सामानाला ५० सेंटिमीटरचा चौकोनी लाल-पांढरा पट्ट्यांचा बोर्ड लागतो. निघायच्या आधी कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक आणि इंडिकेटर दिसतायत का विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

हायवेवर भुंग्यासारखा आवाज यायला लागला तर घाबरू नका, तो लांब पट्टा वाऱ्यात थरथरत असतो, ओवताना त्याला एक पीळ दिला की बंद होतो. उरलेली टोकं गुंडाळून बांधायची, लोंबती ठेवली तर रंगावर आपटत राहतात. सायकलींवर कव्हर घालू नका, शीड होतं त्याचं. रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यात फक्त स्पोक दिसणार आणि सेन्सर सारखा बोंबलणार, त्यामुळे कोणालातरी उतरवा.

चोरीचं म्हणाल तर पट्टे साध्या चाकूने कापले जातात, रॅकला कुलूप असलं तरी. जेवायला थांबलात तर गाडी दिसेल अशा टेबलावर बसा.

टपावरचा रॅक मला आवडत नाही, सायकल डोक्यावर उचलायची आणि वर कमान किती उंच आहे ते बघत बसायचं. टो हुकवर (ट्रेलर ओढायला गाडीमागे लावतात तो हुक) बसणारा रॅक सगळ्यात चांगला, पण त्यासाठी गाडीला आधी हुक लागतो. वर्षातून मोजक्या वेळा दोन साध्या सायकली न्यायच्या असतील तर पट्ट्यांचाच घ्या, जुना मिळाला तरी चालेल. फक्त जुना घेताना सांगाड्याचा रंग उडालाय का ते बघत बसू नका, पट्ट्यांच्या कडा उसवल्यात का, बकलचे दाते झिजलेत का आणि हुकांवरचं रबर फाटून आतलं लोखंड दिसतंय का ते बघा. पट्टे बऱ्याच कंपन्यांचे सुटे मिळतात, सगळे बदलून घ्यायचे, एखाद-दुसरा नाही.