चांगला रिपोर्ट आला की मी आधी पीएच बघते

रिपोर्ट वाईट आला की सगळे जागे होतात, सॅम्पल रिपीट करा म्हणतात, लॅबला चार शब्द सुनावतात, आणि चांगला आला की गुपचूप फाइलला लावून मोकळे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघते आणि युरिन प्रोटीनच्या बाबतीत मला चांगल्या रिपोर्टचीच जास्त धास्ती वाटते. एका पेशंटच्या बाबतीत ती खरी ठरली, तो किस्सा लिहितेय.

नेफ्रोलॉजीच्या, म्हणजे किडनीच्या आजारांच्या, वॉर्डातला पेशंट होता, चाळिशीतला माणूस. पाय सुजलेले, सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस. युपीसीआर, म्हणजे लघवीतलं प्रोटीन भागिले लघवीतलं क्रिएटिनिन, ते आलं 6.2 ग्रॅम प्रति ग्रॅम. 3.5 च्या वर गेलं की आपण नेफ्रॉटिक रेंज म्हणतो, हा तर त्याच्याही खूप पुढे. रक्तातलं मुख्य प्रोटीन अल्ब्युमिन घसरून 2.3 वर आलेलं, पण सीरम क्रिएटिनिन मात्र अगदी नॉर्मल, म्हणजे किडनीचं काम अजून ठीक. पीएलएटूआर अँटीबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच किडनीच्या फिल्टरविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी, पॉझिटिव्ह, तिचा टायटर म्हणजे प्रमाणही बरंच. ही अँटीबॉडी 2009 मध्ये सापडली आणि मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या किडनीच्या फिल्टरच्या आजाराचं सगळं चित्रच बदललं, प्रायमरी मेम्ब्रेनसच्या साधारण 70 टक्के पेशंटमध्ये ती मिळते, आणि किडनीचं काम नॉर्मल असेल तर बायोप्सीची सुई न घालताही निदान करता येतं. 2021 च्या केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये तसं लिहिलेलंच आहे. त्यामुळे आजार कोणता हा प्रश्न सुटला होता.

प्रश्न होता पुढे काय करायचं. मेम्ब्रेनसमधले साधारण एक तृतीयांश पेशंट इम्युनिटी दाबणारं औषध न देता आपोआप बरे होतात, फक्त बीपीची आणि सूज उतरवायची औषधं चालू ठेवायची. काहींचं प्रोटीन वर्षानुवर्षं जातच राहतं पण किडनी टिकते. आणि काहींची किडनी हळूहळू बसते. पहिल्या दिवशी हे सगळे सारखेच दिसतात हो! सूज तीच, फेस तोच, क्रिएटिनिन नॉर्मल. सगळ्यांनाच इम्युनोसप्रेशन दिलं तर जे आपोआप बरे होणार होते त्यांना फुकट इन्फेक्शनच्या धोक्यात ढकलल्यासारखं होतं, आणि सगळ्यांनाच सहा महिने थांबवलं तर ज्यांची किडनी बसणार आहे त्यांचे ते महिने वाया जातात, शिवाय अल्ब्युमिन इतकं खाली असताना रक्ताच्या गुठळीची भीती असतेच.

इथे लघवीतली छोटी प्रोटीन्स कामाला येतात. किडनी म्हणजे चाळणी ही उपमा सगळेच देतात पण ती अर्धीच आहे. चाळणीतून खाली पडलेलं परत उचलून घेणारं कोणीतरी खाली बसलेलं असतं, ते म्हणजे ट्युब्युल, किडनीतल्या बारीक नळ्या. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन जेमतेम 12 हजार डाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप), ते धडधाकट किडनीतसुद्धा चाळणीतून पडतंच, अल्ब्युमिन 66 हजारांचं, ते फारसं पडत नाही, आणि आयजीजी ही अँटीबॉडी दीड लाखाची, ती तर पडायलाच नको. खाली पडलेली छोटी प्रोटीन्स ट्युब्युलच्या पेशी मेगालिन आणि क्युबिलिन नावाच्या रिसेप्टरनी जवळजवळ सगळी परत ओढून घेतात. म्हणजे लघवीत बीटा-टू किंवा अल्फा-वन मायक्रोग्लोब्युलिन वाढलं तर खाली बसलेल्यालाही आता झेपत नाहीये असं समजायचं, आणि ज्यांचं ट्युब्युल आजारी त्यांची किडनी पुढे बसायची शक्यता जास्त. नुसता युपीसीआर हे सांगत नाही, तो फक्त एकूण किती गेलं ते सांगतो. कोण गेलं ते सांगत नाही.

तर वॉर्डातून बीटा-टूची रिक्वेस्ट आली, आम्ही लावलं, आणि आलं नॉर्मल. नॉर्मलच्या मर्यादेपेक्षा अर्धं. जरा वेळाने वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरचा फोन.

"मॅडम, बीटा-टू एकदम मस्त आलंय. मी सरांना सांगतोय, सहा महिने थांबायला हरकत नाही."

पोरगा मनापासून खूश होता, आणि त्याचं चुकत काहीच नव्हतं, कागदावर जे होतं तेच तो वाचत होता. पण 6 ग्रॅम प्रोटीन, इतकं कमी अल्ब्युमिन, इतका मोठा टायटर, आणि बीटा-टू असं साजूक? मला ते पटेना. म्हटलं, "थांब जरा, इतक्यात काही लिहू नकोस. सॅम्पल कधीचं आहे?"

"सकाळचं पहिलं मॅडम, प्रॉपर फर्स्ट मॉर्निंग."

तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजली. उरलेलं सॅम्पल फ्रिजमध्ये होतं, टेक्निशियनला म्हटलं एक स्ट्रिप बुडव. तिने बुडवली, काठावर टेकवून जादाचं निथळून टाकलं, आणि बाटलीवरच्या रंगांच्या पट्टीशेजारी आडवी धरली. प्रोटीनचा चौकोन गडद हिरवा-निळा, तो तसा असणारच. पीएचचा चौकोन नारिंगी. पक्का नारिंगी, म्हणजे पीएच 5. ती माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं प्रोटीनसाठी स्ट्रिप लावलीय, मग पीएचकडे काय बघत बसल्यात मॅडम.

बीटा-टूचा प्रॉब्लेम असा की आम्लधर्मी लघवीत ते टिकत नाही. पीएच साडेपाच-सहाच्या खाली गेला की लघवीतली एन्झाइम्स ते तोडून टाकतात, आणि हे फक्त लॅबच्या टेबलावर होतं असं नाही, ब्लॅडरमध्येच सुरू होतं. म्हणजे सॅम्पल धावत आणा, बर्फात ठेवा, लगेच लावा, जे रात्रभर आतच तुटलं ते परत येणार नाही. आणि सकाळची पहिली लघवी म्हणजे रात्रभर ब्लॅडरमध्ये साठलेली आणि सहसा दिवसभरातली सगळ्यात आम्लधर्मी! अल्ब्युमिनसाठी हीच लघवी सगळ्यात चांगली, आपणच सगळ्यांना वर्षानुवर्षं घोकवलंय फर्स्ट मॉर्निंग पाठवा म्हणून, आणि वॉर्डाने इमानदारीने तेच केलं. एका टेस्टला जी शिस्त लागते तीच दुसऱ्या टेस्टची वाट लावते. आमच्या रिक्वेस्ट फॉर्मवर याबद्दल एक अक्षर नव्हतं.

अल्फा-वन मायक्रोग्लोब्युलिन मात्र दणकट असतं, असल्या पीएचला दाद देत नाही. म्हणून त्याच सॅम्पलमधून, त्याच बाटलीतून अल्फा-वन लावलं. मशीन चालू असताना मी उगाच दोनदा जाऊन स्क्रीन बघून आले. आलं ते नॉर्मलच्या पाचपटीच्या वर. एकाच बाटलीत एक मार्कर म्हणतोय ट्युब्युल ठणठणीत आहे, दुसरा म्हणतोय ट्युब्युल आजारी आहे, आणि खरं कोण बोलतंय ते त्या नारिंगी चौकोनाने सांगितलं.

रेसिडेंटला फोन केला तर तो आधी गप्पच झाला, मग म्हणाला सरांना तुम्हीच सांगा. सर, म्हणजे वॉर्डाचे किडनीचे मोठे डॉक्टर, स्वतः खाली लॅबमध्ये आले. मी म्हटलं रात्री सोडियम बायकार्बोनेट देऊन लघवी अल्कलाइन करू आणि सकाळची पहिली टाकून देऊन नंतरचं वेळ मोजून गोळा केलेलं सॅम्पल पाठवा. सर म्हणाले, "अहो मॅडम, सूज असलेल्या पेशंटला सोडियम द्यायला सांगताय?" मुद्दा बरोबरच होता, आम्ही लॅबवाले बाटली बघतो, ते पाय बघतात. मग त्यांनीच विचार करून एका रात्रीपुरतं चालेल म्हटलं, बीपी आणि वजन बघून दिलं.

दुसऱ्या दिवशीच्या सॅम्पलला पीएचचा चौकोन हिरवा. बीटा-टू नॉर्मलच्या कितीतरी पट. मेम्ब्रेनसवरच्या अभ्यासांमधून हाय रिस्कचे आकडे निघालेत, बीटा-टू मिनिटाला 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर, अल्फा-वन मिनिटाला 40 च्या वर, दोन्ही त्याने ओलांडलेले. सिलेक्टिव्हिटी इंडेक्सही काढला, म्हणजे मोठं आयजीजी आणि त्याहून लहान ट्रान्सफेरिन ही प्रोटीन्स रक्तातून लघवीत किती जातात त्यांचं, म्हणजे क्लिअरन्सचं, गुणोत्तर, ही 1960 च्या दशकातली जुनी टेस्ट आहे आणि आता फारसं कोणी मागत नाही, मला मात्र आवडते. 0.1 च्या खाली असेल तर चाळणी अजून निवडून सोडतेय, लहान मुलांच्या मिनिमल चेंज नावाच्या किडनीच्या आजारात बहुतेकदा असं दिसतं आणि ती मुलं स्टेरॉइडला झटकन प्रतिसाद देतात. 0.2 च्या वर म्हणजे मोठं-लहान काहीच बघत नाहीये, सगळंच सोडतेय. याचं 0.28.

सरांनी थांबायचा विचार सोडून दिला आणि रिटुक्सिमॅब, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचा साठा कमी करणारं औषध, सुरू केलं, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस.

आता ट्रीटमेंट लागू पडतेय की नाही हे बघायचं, आणि इथे माणसं सगळ्यात जास्त धीर सोडतात. तीन महिन्यांनी पेशंटची बायको रिपोर्ट घ्यायला आली, खिडकीशीच कागद उघडला. युपीसीआर 5.8.

"मॅडम, एवढं महागाचं औषध दिलं, हे तर तेवढंच आहे. लागू पडलं नाही का?"

खरं तर हे मी नाही, डॉक्टरांनी सांगायचं, पण तिचा चेहरा बघून राहवलं नाही. म्हटलं ताई, दुसरा कागद बघा, अँटीबॉडीचा, ती पाव हिश्श्यावर आलीय. आधी अँटीबॉडी उतरते, लघवीतलं प्रोटीन त्याच्या मागून कित्येक महिन्यांनी उतरतं, कारण हल्ला थांबला तरी फिल्टरची झालेली मोडतोड भरून यायला वेळ लागतो. बाकी सगळं डॉक्टरांना विचारा. ती हो म्हणाली पण कागद परत परत उघडून बघतच गेली.

रिटुक्सिमॅबच्या बाबतीत हा उशीर चांगला माहीत आहे. 2019 च्या मेंटॉर ट्रायलमध्ये वर्षाच्या शेवटी रिटुक्सिमॅब आणि सायक्लोस्पोरिन हे इम्युनिटी दाबणारं जुनं औषध जवळजवळ बरोबरीत होते, 60 टक्के आणि 52 टक्के पेशंटचा आजार आटोक्यात आला होता, पण दोन वर्षांनी रिटुक्सिमॅब 60 वरच राहिलं आणि सायक्लोस्पोरिन 20 वर घसरलं. लघवीतलं प्रोटीन पटकन उतरवणारं औषध आजार थांबवतंच असं नाही. सायक्लोस्पोरिन तर थेट फिल्टरच्या पेशींवरही काम करून प्रोटीन कमी करतं, म्हणून आकडा लवकर छान दिसतो. म्हणूनच म्हणते, चांगल्या आकड्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

सहा महिन्यांनी त्याची अँटीबॉडी निगेटिव्ह, युपीसीआर 3.9. वर्षभराने 1.1, अल्ब्युमिन 3.6, सूज गेलेली. पार्शल रिमिशन, म्हणजे आजार बराचसा आटोक्यात. अल्फा-वनही बरंच खाली आलं होतं पण नॉर्मल नव्हतं, आणि सरांनी त्यावरून औषध वाढवलं नाही हे मला आवडलं. एका मार्करवर उड्या मारायच्या नाहीत.

हे सांगते कारण मधल्या काळात कंपन्यांचे लोक नवनवीन युरिन मार्कर घेऊन येतात, किम-वन, एनगॅल, पेप्टाइडचे पॅनेल, आणि मलाही मोह होतो. पण 2020 ची प्रायोरिटी ट्रायल आठवते. युरिनमधल्या 273 पेप्टाइडवरून डायबेटिसच्या पेशंटमधले हाय रिस्क वेगळे काढले, भाकीत खरंही ठरलं, हाय रिस्कमधल्या 28 टक्क्यांना मायक्रोअल्ब्युमिन्युरिया (लघवीतून थोडं अल्ब्युमिन जायला लागणं) झाला आणि लो रिस्कमधल्या 9 टक्क्यांना. पण हाय रिस्कवाल्यांना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देऊन तो टळला का, तर नाही. पुढचं दिसलं म्हणून थांबवता येतंच असं नाही. आपल्या पेशंटच्या वेळी हातात चालणारं औषध होतं म्हणून त्या अल्फा-वनला किंमत आली.

लॅबमध्ये बदल एवढाच झाला की बीटा-टूच्या प्रत्येक सॅम्पलला आधी स्ट्रिप लावायची, पीएच 6 च्या खाली असेल तर बीटा-टू रिजेक्ट आणि अल्फा-वन सुचवायचं. रिक्वेस्ट फॉर्मवरही सॅम्पल कितवं आणि बायकार्बोनेट दिलं का असे दोन रकाने वाढवून घेतले, त्यासाठी दोन मीटिंगा झाल्या. रिजेक्ट केलं की वॉर्डातून अजूनही चिडके फोन येतात, आणि ते दोन रकाने बहुतेक वेळा कोरेच असतात.