मॉडेलांची तुलना करण्याआधी एककं तपासा

चार-पाच गटांनी आपापली महासागरी जैवभूरसायनाची, म्हणजे समुद्रातल्या कार्बन-नायट्रोजनच्या चक्रांची, मॉडेलं चालवून नकाशे शेजारी-शेजारी लावले, की फरक दिसणारच. मग लगेच प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या जीवांच्या) वाढीच्या समीकरणांवर चर्चा सुरू होते. ती होऊ द्यावी, पण दुसऱ्या बैठकीत. पहिली बैठक कंटाळवाण्या हिशेबाची असावी.

सुरुवात अल्कलिनिटीपासून, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेपासून, करा. ग्लोडॅपसारख्या निरीक्षणसंचात ती मायक्रोमोल प्रति किलोग्रॅममध्ये असते, मॉडेलला हवी असते मोल प्रति घनमीटरमध्ये. 2300 ला समुद्रपाण्याच्या 1025 किलोग्रॅम प्रति घनमीटर या घनतेने गुणून मायक्रोमोलचे मोल केले की 2.3575 येतात, कुणी सवयीने 1000 धरली तर 2.3. फरक जेमतेम अडीच टक्के. पण विरघळलेला अकार्बनी कार्बन बरोबर आणि अल्कलिनिटी तेवढी कमी, असं झालं तर पृष्ठभागावरचा कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब सुमारे पाव हिश्शाने चढतो. आणि दोन्हींत तीच चूक असेल तर? दोघांचं गुणोत्तर टिकतं, दाब जेमतेम हलतो आणि चूक वर्षानुवर्षं लपून राहते. म्हणून घनता किती धरायची ते लेखी ठरवा.

दुसरी चाचणी वस्तुमानाची. एकच बंद पेटी घ्या. प्रवाह नाही, नदी नाही, गाळ नाही. नायट्रेट, अमोनियम, वनस्पती प्लवक, प्राणी प्लवक आणि मृत कण या सगळ्यांतल्या नायट्रोजनची बेरीज प्रत्येक टाइम-स्टेपला (मॉडेलच्या गणनेतल्या काळाच्या टप्प्याला) छापा. ती पूर्णांकन-चुकीपलीकडे हलता कामा नये. पेटीत बेरीज टिकते आणि पूर्ण ग्रिडवर (समुद्राच्या चौकटींच्या जाळीवर) हळूहळू वाढते, असं दिसलं तर संशय ऋण संहतीवर घ्या. प्रवाहाबरोबरच्या वहनाची गणिती योजना तीव्र उताराजवळ शून्याखाली घसरते, मग कुणीतरी 'ऋण असेल तर शून्य करा' अशी ओळ टाकतं. त्या प्रत्येक दुरुस्तीत थोडा नायट्रोजन शून्यातून तयार होतो. ओळ ठेवायचीच असेल तर तिने किती भर घातली त्याची वेगळी नोंद ठेवा.

बुडणाऱ्या कणांचं गणित साधं, पण हमखास फसवणारं. वेग दिवसाला 50 मीटर, वरचा थर 10 मीटरचा. एका तासाच्या टाइम-स्टेपमध्ये कण 2 मीटर उतरतात, सगळं ठीक. खर्च वाचवायला सहा तासांची टाइम-स्टेप घेतली की साडेबारा मीटर, म्हणजे थराबाहेर. साधी एक्स्प्लिसिट योजना (पुढची स्थिती फक्त आताच्या स्थितीवरून काढणारी) तिथे कोसळते. मार्टिन वक्र (बुडणारा कार्बन खोलीबरोबर कसा घटतो ते सांगणारा) वापरणाऱ्यांनी संदर्भ-खोलीही सांगावी. घातांक 0.858 असताना 100 मीटरवरून निघालेल्या कार्बनपैकी 1000 मीटरवर सुमारे 14 टक्के पोचतो. तोच वक्र 75 मीटरपासून मोजला तर 11 टक्के.

हवा आणि समुद्र यांच्यातल्या वायू-विनिमयाच्या सूत्रात वाऱ्याच्या वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे मासिक सरासरी वारा देऊन चालत नाही. निम्मा काळ 5 आणि निम्मा काळ 15 मीटर प्रतिसेकंद वारा असेल, तर सरासरीचा वर्ग 100, वर्गांची सरासरी 125. त्याच सूत्रातला वॅनिंकॉफ यांचा 1992 चा गुणांक 0.31, 2014 चा 0.251. गुणांक आणि वाऱ्याचा डेटासंच जोडीनेच ठरवावे.

स्पिन-अपबद्दल, म्हणजे मॉडेल स्थिरावेपर्यंत आधी चालवण्याबद्दल, मात्र मी हट्टी आहे. खोल पाणी पालटायला हजार वर्षांच्या आसपास लागतात, तरी सीएमआयपी-5 या आंतरराष्ट्रीय हवामान-मॉडेल तुलना प्रकल्पातल्या मॉडेलांचा स्पिन-अप 200 वर्षांपासून 11,900 वर्षांपर्यंत होता. अशा मॉडेलांच्या खोल ऑक्सिजनची तुलना म्हणजे बऱ्याच अंशी स्पिन-अपच्या लांबीचीच तुलना. ओसीएमआयपी-2 या महासागरी कार्बन मॉडेलांच्या तुलना प्रकल्पाचा निकष अजूनही उपयोगी आहे: हवा आणि समुद्र यांच्यातला कार्बनचा जागतिक निव्वळ ओघ वर्षाला 0.01 पेटाग्रॅमच्या (1 पेटाग्रॅम म्हणजे 100 कोटी टन) आत येईपर्यंत चालवायचं. ते परवडत नसेल तर नियंत्रण-रन (बाहेरून कोणताही बदल न लादलेला रन) समांतर चालवा आणि त्यात आपोआप होणारा हळू बदल (ड्रिफ्ट) प्रत्येकाने त्याच पद्धतीने वजा करा.

फाइली पाठवताना प्रवाहाची दिशा लिहा. समुद्रात जाणारा धन, हा सीएमआयपीचा संकेत आहे. दोन गटांच्या एकूण शोषणात नेमका 3.67 पट फरक आला तर जीवशास्त्रात शोधत बसू नका. एकाने कार्बनचं वजन दिलंय, दुसऱ्याने कार्बन डायऑक्साइडचं.